जुना रेडिओ जागा करताना

सुरत शहराच्या उत्तर अंगाला, तापीच्या काठी कतारगाम ही गजबजलेली वस्ती आहे. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने ही तिची मुख्य ओळख. सौराष्ट्रातून आलेले रत्नकलाकार येथे जसे स्थिरावले, तशीच गिरण्यांच्या आणि मागांच्या आधाराने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही या शहरात रुजली. अशा एखाद्या घरी माळा आवरताना जुन्या धोतरात गुंडाळलेली लाकडी पेटी हाती लागते. मर्फी, फिलिप्स किंवा बुश यांपैकी कोणते तरी नाव तिच्या कापडी जाळीवर असते. लोहमार्गाने सव्वादोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मुंबईचा आवाज ज्या पेटीने आजोबांच्या काळी घरात आणला, ती पुन्हा बोलावी असे नातवंडांना वाटते, आणि कोणी तरी उत्साहाने तिची पिन भिंतीत खोचतो. तबकडीमागचा दिवा लागतो, पेटी घुमू लागते, आणि दोन-चार मिनिटांत जळका वास सुटतो.

वीस-तीस वर्षे झोपलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा घात बहुधा या पहिल्या पाच मिनिटांत होतो, आणि तो होतो त्याच्या वीजपुरवठ्याच्या भागात. या भागाचे काम थोडक्यात असे. घरातील २३० व्होल्टची वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेणारी असते. रोहित्र, अर्थात ट्रान्सफॉर्मर, तिच्यातून दोन दाब काढून देते. व्हॉल्व्हच्या तारा तापविण्यासाठी ६.३ व्होल्ट आणि त्यांच्या प्लेटसाठी अडीचशे व्होल्टच्या आसपासचा उच्च दाब. हा उच्च दाब एकाच दिशेचा लागतो. ते काम एकदिशकारी व्हॉल्व्ह करतो. १९०४ साली इंग्लंडमध्ये अँब्रोझ फ्लेमिंग यांनी वीज एकाच दिशेने जाऊ देणारी जी निर्वात नलिका सिद्ध केली, तिचाच हा वंशज. ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, हे नाव पडले ते याच गुणामुळे. त्यातून निघालेली वीज हेलकावे खात येते. तिला संथ करतात ते कंडेन्सर, आणि त्यांच्या जोडीला चोक किंवा रोधक.

यात सर्वांत नाजूक असतो तो कंडेन्सर. त्याच्या आतील ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि तोच विजेला अडवितो. दाब मिळत राहिला तर हा थर टिकतो. वर्षानुवर्षे मिळाला नाही तर तो विरत जातो, आतील द्रवही सुकतो. मग एकदम पूर्ण दाब आला की कंडेन्सर वीज साठविण्याऐवजी ती गळू देतो. तो भार एकदिशकाऱ्यावर पडून त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी रोहित्राची वेटोळी करपतात. कंडेन्सर थोडक्या पैशांत नवा मिळतो. रोहित्र मात्र नव्याने गुंडाळून घ्यावे लागते, आणि ते काम करणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

कतारगामचा कारागीर हिरा घंटीवर धरण्यापूर्वी भिंगाखाली फिरवून पाहतो. रेडिओच्या बाबतीत भिंगाचे काम एक साधा दिवा करतो. साठ वॅटचा तारेचा जुना बल्ब रेडिओच्या वाटेत मालिकेने जोडावा. कारखान्यांतील वायरमन याला ‘सिरीज बल्ब’ म्हणतात. आजचा एलईडी दिवा येथे निरुपयोगी आहे. प्रथम सर्व व्हॉल्व्ह काढून ठेवून वीज द्यावी. बल्ब जेमतेम लाल झाला तर रोहित्र ठीक आहे असे धरून चालावे. लख्ख पेटला तर दोष रोहित्रातच किंवा त्याच्या आधीच्या तारांत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. त्या पाण्यात भिजलेला संच असेल तर रोहित्र पुष्कळ दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवल्याखेरीज ही परीक्षाही घेऊ नये.

मग इतर व्हॉल्व्ह बसवावेत आणि एकदिशकारी सर्वांत शेवटी. त्याआधी, पिन काढलेली असताना, उच्च दाबाची तार आणि चॅसी यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. काटा हळूहळू वर सरकत गेला तर ठीक. शे-दोनशे ओहमवरच अडून राहिला तर कंडेन्सर फुटका समजावा. जुना कंडेन्सर थोडाथोडा दाब देऊन तासन्‌तास ‘जागविण्याची’ एक रीत आहे आणि शौकिनांना ती प्रिय आहे. परंतु साठ वर्षांच्या कंडेन्सरवर घराचा भरवसा ठेवण्यापेक्षा तो बदललेला बरा. जुने रूप राखायचे असेल तर रिकाम्या नळकांड्यात नवा लपविता येतो. मात्र मोठा तो चांगला या समजुतीने शंभर-दोनशे मायक्रोफॅरडचा घालू नये. ईझेड ८० या एकदिशकाऱ्यापुढे पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडहून अधिक चालत नाही. दर फेऱ्याला तो भरताना जो झटका बसतो, त्याने व्हॉल्व्हचे आयुष्य सरते.

घुमण्याचा आवाजही पुष्कळ सांगतो. आवाजाची कळ पूर्ण उतरविली तरी घूं कायम राहिला तर दोष बहुधा पुरवठ्याकडे. हा घूं सेकंदाला शंभर कंपनांचा असेल तर कंडेन्सर सुकला आहे. त्याहून एक सप्तक खाली, खर्जातला, म्हणजे पन्नासचा असेल तर एकदिशकाऱ्याची एक बाजू मेली असण्याचा संभव असतो. ज्याचा कान भजनी मंडळात तयार झाला आहे त्याला हा भेद उपकरणावाचून कळतो.

येथे एक चकवा आहे. काही संचांत एकदिशकारी पुन्हा पुन्हा जातो. नवा घातला की तोही आठवड्यात लाल होतो. सारे पुरवठ्याला दोष देतात. खरा अपराधी असतो पुढच्या भागातला एक कागदी कंडेन्सर, जो ध्वनीच्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी बसलेला असतो. तो किंचित गळू लागला की ग्रिड धन होते आणि तो व्हॉल्व्ह बेसुमार वीज ओढू लागतो. ईएल ८४ च्या कॅथोडवर सात व्होल्टच्या आसपास दाब असावा; बारा-चौदा दिसला आणि ग्रिडवरही धन दाब आढळला, तर पुरवठ्याला हात न लावता हा कंडेन्सर बदलावा.

हे सारे करताना जीव सांभाळणे आले. पिन काढली तरी कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. पेचकसाने ठिणगी पाडून ते उतरविण्याची कित्येकांची खोड वाईट आहे. दहा हजार ओहमचा, पाच वॅटचा रोधक इन्सुलेशन असलेल्या तारेने काही सेकंद टेकवावा आणि मीटरने खात्री करून घ्यावी. रोहित्र नसलेले संच तर अधिकच घातकी. कलकत्त्यासारख्या शहरांत डीसी वीजही घरोघर येत असे, तेव्हा दोन्हींवर चालणारे हे रेडिओ निघाले. त्यांत व्हॉल्व्हच्या तारा नाताळातल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारख्या एकामागून एक जोडलेल्या असतात. यूसीएच ८१ पासून यूवाय ८५ पर्यंतच्या पाच व्हॉल्व्हांची बेरीज १४३ व्होल्टच्या जवळपास होते आणि उरलेला दाब रोधक खातो. एक तार तुटली की सगळे विझतात. पण त्याहून महत्त्वाचे हे की, त्यांची चॅसी घरच्या विजेच्या एका तारेला थेट जोडलेली असते, आणि दोन काट्यांची पिन उलटी बसली की संपूर्ण लोखंड जिवंत होते. असा संच विलग करणाऱ्या रोहित्रावाचून उघडूच नये. ज्याला ही तयारी नाही त्याने तो जाणत्याकडे न्यावा.

सर्व नीट झाल्यावर मागील बाजूची दाबाची खूण पाहावी. २०० किंवा २२० वर असेल तर ती २३० किंवा २४५ वर आणावी. योग्य फ्यूज घालावा, तासभर चालू ठेवावा, पिन काढून रोहित्राला हात लावून पाहावा. ते कोमट असावे, चटका देणारे नसावे. त्यानंतरही मध्यम लहरींवर करकर ऐकू आली तर एरियल काढून पाहावे. करकर थांबली तर ती पेटीतील नाही. शेजारच्या खोलीतील मोबाइलचा चार्जर किंवा एलईडी दिवा बंद करण्यास सांगावे.