मानसोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण आणि रात्रपाळीचा भार

वैद्यकीय पदवीनंतर मानसोपचारशास्त्रात एम.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. संस्थेचा लौकिक, शुल्क, विद्यावेतन आणि घरापासूनचे अंतर यांचा विचार बहुतेक सर्वजण करतात. रात्रीच्या कामाचा भार किती आणि तो कोणाच्या आधाराने वाहावयाचा, हा प्रश्न मात्र बहुधा प्रवेश झाल्यानंतरच पुढे येतो. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्या काळात विद्यार्थी निवासी डॉक्टर म्हणून प्रत्यक्ष रुग्णसेवाही करीत असतो. म्हणून हा प्रश्न त्याच्या सोयीपुरता मर्यादित नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

रात्रीचे काम कोणते?

मानसोपचार विभागात रात्री फारसे काम नसते, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. विषप्राशनानंतर शुद्धीवर आलेला रुग्ण, दारू एकाएकी बंद झाल्यामुळे कंप व भ्रम सुरू झालेला रुग्ण, बाळंतपणानंतर मनाचा तोल गेलेली माता, अशांसाठी इतर विभागांतून मानसोपचाराच्या निवासी डॉक्टरला बोलावणे येते. रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी व्यक्तीला पोलीस घेऊन येतात, तेही पुष्कळदा अवेळी.

अशा वेळी निदान सोपे नसते. असंबद्ध बोलणाऱ्या रुग्णाचा आजार मनाचा आहे, की रक्तातील साखर उतरल्याने, डोक्याला मार लागल्याने किंवा जंतुसंसर्गाने हा भ्रम झाला आहे, याची शहानिशा तातडीने करावी लागते. घरी जाऊ देण्यास सांगणाऱ्या रुग्णाच्या मनात आत्महत्येचा विचार अजून आहे काय, हेही शांतपणे विचारून ठरवावे लागते. सलग जागरण झालेल्या डॉक्टरच्या हातून नेमकी येथेच चूक होण्याचा धोका असतो. शिवाय २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार तातडीच्या उपचारांना सर्वसाधारणपणे ७२ तासांची मर्यादा आहे. त्यामुळे रात्रीची नोंद काळजीपूर्वक करणे हेही कर्तव्यच ठरते.

नियम काय सांगतात?

केंद्र शासनाच्या ५ जून १९९२ च्या निदेशांनुसार निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक व आठवड्याचे काम ४८ तासांहून अधिक नसावे. मात्र कामाच्या निकडीनुसार त्यात लवचिकता ठेवलेली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांत वाजवी कामाचे तास, विश्रांतीसाठी वाजवी वेळ आणि कामाच्या निकडीच्या अधीन राहून साप्ताहिक सुटी यांचा उल्लेख आहे. आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचविली. नियम आणि शिफारस यांतील हे अंतरच प्रत्यक्ष परिस्थितीची कल्पना देते.

भार कसा मोजावा?

प्रथम पाळी वाटून घेणारे हात मोजावेत. सहा निवासी डॉक्टर असल्यास महिन्याच्या ३० रात्रींपैकी प्रत्येकाच्या वाट्याला पाच रात्री येतात. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. एक जण तेथे गेला आणि दुसरा परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या रजेवर असला, की उरलेल्या चौघांना सात-आठ रात्री कराव्या लागतात. यास्तव मंजूर जागांपेक्षा प्रत्यक्ष उपलब्ध संख्या विचारणे श्रेयस्कर.

त्यानंतर पुढील बाबी विचाराव्यात. रात्री रुग्णालयातच थांबावे लागते, की बोलावणे आल्यावर वसतिगृहातून जावे लागते? साधारणतः किती वेळा उठावे लागते? वरिष्ठ डॉक्टर दूरध्वनीवर मिळतात काय, आणि गरज पडल्यास स्वतः येतात काय? पाळीनंतर दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळते, की सकाळचा बाह्यरुग्ण विभाग लगेच सांभाळावा लागतो? आक्रमक रुग्णाला आवरण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका व सुरक्षा कर्मचारी हजर असतात काय? यांची खरी उत्तरे तेथे सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांकडूनच मिळू शकतात. आणि ती एकाकडून न घेता वेगवेगळ्या वर्षांच्या दोघा-तिघांकडून घेणे इष्ट होय.

कमी पाळ्या म्हणजे उत्तम शिक्षण नव्हे

तथापि सर्वांत कमी रात्री असलेले ठिकाण निवडावे, असा याचा अर्थ नाही. तातडीचा रुग्ण हाताळण्याचे कौशल्य पुस्तकातून येत नाही. उद्या जिल्हा रुग्णालयात एकट्याने निर्णय घ्यावा लागणाऱ्या डॉक्टरला तो सराव येथेच मिळाला पाहिजे. पाच रात्री वरिष्ठांच्या आधाराशिवाय काढण्यापेक्षा सहा रात्री त्यांच्या मार्गदर्शनाखाली केलेले काम अधिक शिकवून जाते. कामाचे प्रमाण, पाठीशी असलेला आधार आणि नंतरची विश्रांती या तिन्ही गोष्टींचा एकत्रित विचार केल्यासच निवड योग्य होईल.

हा भार हलका करणे काही अंशी इतरांच्याही हाती आहे. रिक्त पदे वेळेवर भरणे व पाळीचे वेळापत्रक लेखी ठेवणे हे प्रशासनाचे काम आहे. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी रुग्णाच्या नातेवाइकांना जुनी औषधचिठ्ठी आणि रुग्णाची रोजची माहिती असलेली व्यक्ती सोबत नेण्यास सांगावे. १४४१६ या क्रमांकावरील टेलि-मानस ही २०२२ मध्ये सुरू झालेली निःशुल्क सेवा अहोरात्र उपलब्ध आहे, हेही गावोगावी सांगावे. वेळीच सल्ला मिळाल्यास अनेक रुग्णांवर मध्यरात्री रुग्णालय गाठण्याची पाळी येणार नाही, आणि जे येतील त्यांना पुरेशी विश्रांती घेतलेला, सावध डॉक्टर भेटेल.