नौकेच्या केबिनमधील गळती

लहान नौकेच्या केबिनमध्ये छत, खिडक्या, सांधे किंवा बोल्टांच्या छिद्रांतून पावसाचे अथवा समुद्राचे पाणी शिरणे, यास केबिनमधील गळती म्हणतात. तळाच्या फळ्यांतून येणाऱ्या पाण्याप्रमाणे या गळतीने नौका बुडण्याचा तात्काळ धोका नसतो. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु लाकडी केबिन कुजण्यास बहुधा हीच गळती कारणीभूत ठरते. शिवाय वायरलेस संच, जीपीएस व विजेच्या तारा केबिनमध्येच असल्याने भर समुद्रात ही उपकरणे बंद पडण्याची शक्यता असते.

== रत्नागिरीतील परिस्थिती ==

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील नौका तेव्हा नांगरलेल्या किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. याच महिन्यांत येथे सर्वाधिक पाऊस पडतो. रत्नागिरीचे वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिलिमीटरहून अधिक आहे. लाकडाच्या दृष्टीने हे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक घातक होय. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर राहिल्यास कुजवणारी बुरशी वाढू लागते, तर मीठ तिच्या वाढीस अडथळा आणते. त्यामुळे वर्षभर समुद्रात टिकलेली केबिन बंदीच्या दोन महिन्यांत आतून पोखरली जाऊ शकते.

उन्हाळ्यात छताच्या व केबिनच्या फळ्या आकसून फटी उघडतात. पहिल्या पावसात गळणाऱ्या अशा फटी लाकूड फुगल्यावर पुष्कळदा आपोआप मिटतात. मे महिन्यात त्या कडक पुट्टीने गच्च भरल्यास मात्र फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही आणि पुट्टी बाहेर फेकली जाते किंवा फळीच हलते.

== गळतीचा शोध ==

पाणी जेथे टपकते, तेथेच ते शिरलेले असते असे नाही. छतातून आलेले पाणी तुळईच्या कडेने किंवा आतील प्लायवुडच्या अस्तरामागून वाहत जाऊन दूर कोठेतरी प्रकट होते. यासाठी प्रथम अस्तर काढून आतील भाग पूर्ण कोरडा करतात व त्यावर खडूची पूड भुरभुरतात. नंतर एक जण बॅटरी घेऊन आत बसतो आणि दुसरा बाहेरून नळीने पाणी सोडतो. पाणी खालच्या सांध्यापासून सुरू करून, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबून, वर नेतात. वरून सुरुवात केल्यास ओघळ खालच्या सर्व सांध्यांवरून जातो व दोष कोणाचा ते कळत नाही. पाण्याचा जोरदार फवाराही टाळावा, कारण पावसात न गळणारी जागाही त्याने गळते. पूड भिजून ओघळ उमटला की त्याचा माग वरच्या दिशेने काढता येतो.

पाण्याच्या खारटपणावरून उगम ओळखण्याची पद्धत सोपी असली तरी निर्णायक नाही. मीठ साचलेल्या डेकवरून आलेले पावसाचे पाणीही खारट लागते. बंद केबिनमध्ये माणसे झोपल्यावर पहाटे काचेवर व पत्र्यावर जमणारे थेंब ही तर गळतीच नव्हे. ते दव असते आणि हवा खेळती ठेवणे एवढाच त्यावर उपाय आहे.

== दुरुस्ती ==

गळती बाहेरूनच बंद करावी लागते. आतून लेप दिल्यास टपकणे थांबते, पण पाणी लाकडातच कोंडून राहते व कुजण्याचा वेग वाढतो.

लाकडी सांध्यांत कापूस किंवा सुताचा पीळ ठोकून त्यावर राळ व तेलाचे मिश्रण भरण्याची पद्धत जुनी आहे. आता त्याऐवजी लवचीक पॉलियुरेथेन भरणद्रव्यही वापरले जाते. स्वस्त सिलिकॉनचा मोह टाळणे बरे. त्यावर रंग धरत नाही आणि पुढील दुरुस्तीच्या वेळी त्याचा अंश पूर्णपणे निघत नाही. कठडे व दिव्यांच्या बोल्टांभोवती नुसता लेप पुरत नाही. बोल्ट काढून छिद्र मोठे करतात, कोरडे झाल्यावर ते इपॉक्सीने भरतात आणि त्यात नव्याने छिद्र पाडतात. यामुळे पुढे भरणद्रव्य निकामी झाले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

संपूर्ण छतावर फायबरचे अस्तर चढवणे हा अधिक टिकाऊ, पण खर्चिक मार्ग होय. त्यापूर्वी कुजलेल्या फळ्या बदलून लाकूड नीट वाळवणे आवश्यक असते. ओल्या लाकडावर फायबर नीट चिकटत नाही, आणि खाली चाललेली कूज पृष्ठभाग दबू लागेपर्यंत दिसत नाही.