चाळिशीत अर्थशास्त्राची पीएच.डी. : अडसर वयाचा की गणिताचा?

पदवी घेऊन पंधरा-सोळा वर्षे झाली. शाळेत, बँकेत किंवा कचेरीत नोकरी चालू आहे. आणि आता अर्थशास्त्रात संशोधन करावेसे वाटते. अशा वेळी मनात पहिली शंका येते ती वयाची: 'आता आपल्याला कोण घेणार?' परदेशी जाऊ इच्छिणारे बरेच जण अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज करतात. म्हणून तिथले उदाहरण घेऊन ही शंका तपासून पाहू.

नियमाने पाहिले तर वयाची आडकाठी नाही. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना वयावरून भेदभाव करण्यास अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याकडेही वयाची अट आहे ती कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला, पीएच.डी.च्या प्रवेशाला नाही. मग अडते कुठे?

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा जन्म १९३३ चा. १९५४ मध्ये पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे नोकरी केली. नंतर लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ची चौकशी केली, तेव्हा विभागाने त्यांना नाउमेद केले. कारण गणित! मुलीला बीजगणित-भूमितीच्या पुढचे गणित कशाला, असा सल्ला त्यांना शाळेत मिळाला होता. त्या राज्यशास्त्राकडे वळल्या आणि १९६५ मध्ये डॉक्टरेट झाल्या. पुढे २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

अर्थशास्त्राला एवढे गणित कशाला लागते? एक गंमत करून पाहा. वर्गात जमिनीवर महाराष्ट्राचा नकाशा कसाही, तिरका पसरा. त्यावरचा एक बिंदू असा असतोच, की तो ज्या जागेचे चित्र आहे, नेमका त्याच जागेवर टेकलेला असतो. हा झाला स्थिरबिंदू. आता दुसरा प्रश्न: सगळ्या बाजारांत एकाच वेळी मागणी आणि पुरवठा जुळतील अशा किमती असतात का? काही अटी पाळल्या तर असतात, हे केनेथ ॲरो आणि जेरार्ड देब्र्यू यांनी १९५४ मध्ये अशाच स्थिरबिंदूच्या विचाराने सिद्ध केले. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र आणि अर्थमिती शिकताना अशा सिद्धता रोज भेटतात. त्यांत नापास होणाऱ्याला पुढे जाता येत नाही.

म्हणून निवड समिती एकच गोष्ट शोधते: हा उमेदवार पहिले वर्ष पार करील का? वय वाढले की पुरावे शिळे होतात. वीस वर्षांपूर्वीचे गुण आजची तयारी सांगत नाहीत. जीआरईचे गुण पाचच वर्षे ग्राह्य असतात. शिफारसपत्रे बहुधा तीन लागतात आणि ती संशोधन जाणणाऱ्या प्राध्यापकांची हवीत. मुख्याध्यापकांनी आपल्या सचोटीची कितीही स्तुती केली, तरी त्यातून गणिताची तयारी कळत नाही.

यावर उपाय आहे, पण तो दोन वर्षे आधी सुरू करावा लागतो. कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि वास्तव विश्लेषण यांचे अभ्यासक्रम परीक्षेसह नव्याने पुरे करावेत. एखाद्या प्राध्यापकाबरोबर छोटे संशोधन करावे. अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरच्या सुमारास संपते. शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाल्यास अनेक विद्यापीठांना होकार-नकार १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. नोकरीतला अनुभवही उपयोगी पडतो, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न निघाला तरच. गळती का होते, हे शाळेत रोज पाहणाऱ्या शिक्षकाकडे असा प्रश्न असतो.

एक हिशेब मात्र टाळू नये. मोठे विभाग सहसा शुल्क माफ करून विद्यावेतन देतात, पण ते एका माणसाच्या साध्या राहणीपुरते असते. अभ्यासाला पाच-सहा वर्षे लागतात. त्या काळात बुडालेला पगार हाही खर्चच. चाळिसाव्या वर्षी सुरुवात करणारा शेहेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडतो. साठीपर्यंत काम धरले तर हातात चौदा वर्षे उरतात, तर चोविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याच्या हातात तीस. घरच्यांसमवेत कागदावर हा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा.

आणि अर्ज करायचा नसला, तरी शिक्षकाच्या हाती एक गोष्ट आहेच. दहावीनंतर गणित सोडू पाहणाऱ्या मुलीला सल्ला देताना ऑस्ट्रॉम यांची आठवण ठेवावी.