ती कुणाकडे बघते?

मुंबई-पुणे लोहमार्गावर मळवली नावाचं लहानसं स्टेशन आहे. कार्ले आणि भाजे इथली लेणी बघायला जाणारे तिथे उतरतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. त्यातल्या बायका भरल्या अंगाच्या, दागिन्यांनी सजलेल्या, कमरेच्या वर उघड्या. आणि अंग न चोरता ऐटीत उभ्या असलेल्या. असं मिथुन एका भिक्षूने दान दिल्याचा लेखही तिथेच आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, उपासनेच्या जागेच्या तोंडाशी, एका संन्याशाच्या दानातून ही बाई उभी राहिली. स्त्रीदेहाच्या चित्रणावर तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी, असं मला वाटतं.

याच मळवलीत पुढे राजा रविवर्मा यांचा छापखाना आला. १८९४ साली तो मुंबईत सुरू झाला, काही वर्षांनी मळवलीला हलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. शिळाछापाचं काम मोठं कष्टाचं. चित्रातले रंग वेगळे काढायचे, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगडावर रेखाटन करायचं, आणि तोच कागद एकेका दगडावरून असा छापून काढायचा की रंग जरासुद्धा सरकता कामा नये. शेवटी वार्निशचा हात दिला की कागदाला तैलचित्राची झळाळी येई. राजवाड्याच्या भिंतीवरचं चित्र अशा रीतीने चाळीतल्या खोलीत पोचलं. लोकांनी ते इतकं आपलंसं केलं, की चित्रातल्या लक्ष्मीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या जडवल्या.

रविवर्म्यांच्या स्त्रिया नीट बघितल्या तर त्यांच्या नजरेचे दोन प्रकार दिसतात. कमळावरची लक्ष्मी थेट समोर बघते, कारण भक्ताला दर्शन द्यायला ती उभी आहे. शकुंतला मात्र पायातला काटा काढायच्या निमित्ताने थांबून मागे बघते. दुष्यंत दिसतो का, एवढंच तिच्या मनात आहे. देवी आपल्याला बघते आणि नायिकेला आपण बघतो. चित्र नग्न आहे की सवस्त्र, यापेक्षा हा फरक मला कितीतरी महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे जाहिरातीने नेमका हाच फरक पुसला.

साबण, ग्राइप वॉटर, बाळांचं अन्न विकणाऱ्या विलायती कंपन्यांना या देवी-नायिकांचं मोल लवकर कळलं. देवादिकांचं चित्र आणि खाली आपल्या मालाचं नाव, अशी कॅलेंडरं त्यांनी वाटली. वर्ष संपलं तरी देवीचं चित्र कुणी फाडून टाकत नसे, त्यामुळे मालाचं नावही भिंतीवरच राहायचं.

मग सिनेमा आला. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम साळुंके या पुरुषाला करावं लागलं, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळाली नाही. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. आणि १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीतली पहिली भारतीय तारका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. शिकलेली, पदवीधर मराठी बाई साबणाची शिफारस करते, याला त्या काळात वजन होतं. पण या तऱ्हेच्या जाहिरातींत देवीची समोरची नजर आणि नायिकेचं लावण्य एकाच चेहऱ्यात येऊन बसलं. जाहिरातीतली सुंदरी आपल्याकडे बघते ती गिऱ्हाइकाला बोलवण्यासाठी, आणि बघणाऱ्या बाईला ती सांगत असते की तुझ्यात काहीतरी कमी आहे.

याच सुमारास अमृता शेरगिल अगदी वेगळं काही करत होती. तिच्या ‘तीन मुली’ या १९३५ च्या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तिघी दाटीने बसलेल्या. लाल, हिरवे, गेरूसारखे रंग. दागिने जवळपास नाहीत. एकीचीही नजर आपल्याकडे नाही. त्यांना काय वाटतं याचा थांग लागत नाही, आणि त्या चित्रापुढे बघणारा थोडा ओशाळतो. पॅरिसमध्ये शिकलेल्या शेरगिलने निर्वस्त्र देह पुष्कळ रंगवले होते. १९३४ मध्ये तर तिने स्वतःलाच ताहिती स्त्रीच्या रूपात अर्धनग्न रंगवलं. तिथेही तिचे डोळे चौकटीबाहेर लागलेले आहेत. अजिंठा बघितल्यावर तिची आकृती आणखी साधी, आणखी ठाम झाली. विसाव्या शतकातल्या आपल्या चित्रकलेत बाईला इतकी खासगी जागा दुसऱ्या कुणी दिल्याचं मला आठवत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये त्याच काळात अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद या दोन चित्रकारांच्या मुली शिकून बाहेर पडल्या. शतकानुशतकं समोर बसवली गेलेली बाई आता कुंचला हातात घेत होती.

दिवाळी अंकांनी हा इतिहास आपल्या मुखपृष्ठांवरच वागवला आहे. ती रंगवणारे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही गोव्याचे. १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढणाऱ्या दलालांची रेषा चपळ होती. दोन-चार फटकाऱ्यांत वळलेली मान किंवा सावरलेला पदर उभा राहायचा. मुळगावकरांनी एअरब्रशने रंगवलेली कांती मात्र इतकी नितळ, की तिच्यावर ऊन, घाम, वय यांची खूणही नसे. दोघांवरही मराठी घरांनी जीव टाकला आणि त्यांचं कसब निर्विवाद आहे. तरी मुळगावकरांच्या नितळ त्वचेतून सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीकडे जाणारा रस्ता मला स्पष्ट दिसतो.

अश्लीलतेचा वाद या सगळ्याला समांतर चालला. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९२७ पासून नग्न स्त्रीचित्रं छापली जात, पण १९३४ चा खटला उभा राहिला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या एका प्रेमी युगुलाच्या चित्रावरून अकबर पदमसींना अटक झाली. कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं. १९९५ मध्ये मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांनी बूट आणि अजगर एवढ्यावरच केलेल्या जाहिरातीचा खटला २००९ पर्यंत रेंगाळला आणि शेवटी तेही सुटले.

१९८६ च्या कायद्यात स्त्रीच्या असभ्य चित्रणाची व्याख्या आहे. तिच्यात अश्लीलतेइतकंच स्थान स्त्रीला कमी लेखण्याला, तिचा अवमान करण्याला दिलेलं आहे. प्राचीन शिल्पं, मंदिरं आणि खरी कला यांना कायद्याने सूट दिली, तेही शहाणपणाचं. पण आपला सगळा आरडाओरडा चालतो तो उघड्या अंगावर, आणि अवमानाचा मुद्दा मागे पडतो. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींतली मुलगी नखशिखांत झाकलेली असायची. सावळी असल्यामुळे तिला नोकरी मिळत नसे, स्थळ येत नसे. ट्यूब संपेपर्यंत सगळं मिळायचं. घराघरांत संध्याकाळी सहकुटुंब बघितलेल्या या जाहिरातींनी सावळ्या मुलींच्या दोन पिढ्यांना आरशासमोर जे भोगायला लावलं, त्याचा मला आजही संताप येतो. त्वचेच्या रंगावरून हीन ठरवू नये, असा नियम जाहिरात व्यवसायाच्या स्वनियामक परिषदेने २०१४ मध्ये केला. क्रीमच्या नावातला गोरेपणा जायला २०२० उजाडलं. ठरावीक साच्यातल्या देहावरच सुख अवलंबून आहे असं सुचवू नये, हे परिषदेने लिहून दिलं ते २०२२ मध्ये.

जाहिरातीला वेगळी बाई रंगवता येत नाही, असं मात्र नाही. १९८० च्या दशकात कविता चौधरींनी उभी केलेली सर्फची ललिताजी आठवा. साधी साडी, हिशेबी बोलणं, भाजीवाल्याशी घासाघीस. तीही थेट कॅमेऱ्यात बघायची. पण आपण कशा दिसतो याची तिला फिकीर नव्हती, पैसा कुठे घालवायचा हे तिचं ती ठरवत होती. आणि पावडर खपत होती.