बार भरण्याची साधने : ठासणीपासून काडतुसापर्यंत

बंदुकीचा बार घरी भरणे ही गोष्ट महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या डोंगरपट्टीस अपरिचित नाही. सावित्रीच्या खोऱ्यातून वरंध व आंबेनळी या घाटांकडे चढत गेलेल्या वाड्यांत भात, नाचणी व वरी यांची शेते रानाला लागून असतात, आणि रानडुकरांपासून पिकांचे रक्षण करणे ही तेथील शेतकऱ्याची जुनी विवंचना आहे. ठासणीची बंदूक कोकणात आजवर टिकून राहिली ती मुख्यतः या कारणामुळे. दारू, छरे आणि टोपी ही तिची सामग्री निरनिराळी असते व प्रत्येक बार वापरणाराच भरतो. याच्या शेजारी दुसरी एक कला उभी करता येते : उडालेल्या काडतुसाचा पितळी कोश घेऊन त्यात नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसविणे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत शौकीन नेमबाज घरातील एका भक्कम टेबलावर हे काम करतात. दोन्ही कामांस 'घरी बार भरणे' हे एकच नाव देता येते, आणि एकीची हत्यारे व हातसवय दुसरीस चालून जातील असा ग्रह त्यातूनच होतो. हा ग्रह प्राणघातक आहे. तो तसा का, हे साधनांच्या निवडीवरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशावरूनही होत नाही.

ठासणीच्या बंदुकीचे साहित्य मोजके आहे. दारू ठेवण्याचे शिंग किंवा डबी, दारूचे माप, बार ठासण्याचा गज, चिंध्यांचे अथवा काथ्याचे बोळे, छऱ्यांची पिशवी आणि शिशाच्या गोळ्या ओतण्याचा साचा, एवढ्यात ते संपते. त्यापूर्वीच्या तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकीस कानाशी रंजक घालावी लागे, व पावसाळ्यात ती हमखास दगा देई. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे एकस्व १८०७ मध्ये मिळविले आणि पुढील काही दशकांत रंजकेची जागा तांब्याच्या टोपीने घेतली. कोकणासारख्या प्रदेशात या बदलाचे महत्त्व किती असेल, हे जून ते सप्टेंबरपर्यंतचा महाडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्यास निराळे सांगावयास नको.

या साहित्यातील लक्षात घेण्यासारखी वस्तू म्हणजे माप. दारू येथे मापून घेतली जाते, वजन करून नव्हे. काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण, या ढोबळ व्यवहाराला बऱ्याच अंशी सोसते. तिचा ज्वलनवेग मुख्यतः दाण्याच्या आकारावर अवलंबून असतो. बारीक दाणा लवकर जळतो, जाड दाणा सावकाश. भोवतालचा दाब वाढला तरी तो वेग त्या मानाने थोडाच वाढतो. म्हणून माप किंचित उणेअधिक झाले तर नेम बिघडेल, दणका जास्त बसेल. नळी मात्र सहसा वाचते. याचा अर्थ काळी दारू सौम्य आहे असा नव्हे. उघड्यावर ठिणगी पडताच ती क्षणार्धात भडकते, आणि त्या बाबतीत ती आधुनिक दारूपेक्षा अधिक भयंकर आहे. तिच्या ज्वलनानंतर निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. ही काजळी हवेतील ओल शोषून घेते, म्हणून बार काढल्याच्या दिवशीच नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात द्यावा लागतो. एक रात्र हयगय झाली की गंज आलाच.

काडतुसाचे तत्त्व निराळे आहे. कोश, टोपी, दारू आणि गोळी हे चार घटक त्यात एकत्र बांधलेले असतात. बार उडताच पितळी कोश दाबाने फुगून नळीच्या मागील भागास घट्ट चिकटतो व वायूंना मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच पितळ आपल्या लवचीकपणाने किंचित आकुंचन पावते, म्हणून तो कोश बाहेर काढता येतो. परंतु तो मूळ मापावर पूर्णपणे परत येत नाही. पुनर्भरणाच्या सर्व यंत्रसामग्रीचा उगम या एका वस्तुस्थितीत आहे. कोशास पुन्हा मापावर आणण्यासाठी कठीण पोलादाचा साचा हवा. त्यात कोश दाबून बसविण्यासाठी तरफेचे दाबयंत्र हवे. वारंवार ताणल्याने लांबलेले तोंड कापून सारखे करण्याचे हत्यार हवे. आणि हे सारे ताडून पाहण्यासाठी सूक्ष्म मापनाचे कॅलिपर हवे.

टोपीचा प्रश्नही येथेच येतो. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर व अमेरिकन हायरम बर्डन या दोघांनी १८६६ च्या सुमारास मध्यप्रहारी काडतुसाच्या टोपीची दोन निरनिराळी रूपे सिद्ध केली. बॉक्सरच्या पद्धतीत कोशाच्या तळाशी मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे आतून सळई घालून वापरलेली टोपी सहज ढकलून काढता येते. बर्डनच्या पद्धतीत ऐरण कोशातच घडविलेली असते व छिद्रे बहुधा दोन, तीही मध्यापासून बाजूस. तेथे हा सोपा उपाय चालत नाही. गंमत अशी की बॉक्सर ब्रिटिश असूनही त्याची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. अमेरिकेत घरोघरी पुनर्भरण वाढले त्याच्या कारणांत हे एक साधे भोक मोजले पाहिजे.

तिसरा प्रकार कडेला प्रहार होणाऱ्या काडतुसाचा. पॉइंट टू-टू रायफलीच्या काडतुसात स्फोटक मिश्रण कोशाच्या पोकळ कडेतच भरलेले असते व आघाताने ती कड चेपते. असा कोश एकदा उडाला की संपला. महाराष्ट्राच्या नेमबाजांनी ज्या प्रकारात नाव मिळविले, म्हणजे तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्यूनिक येथील जागतिक अजिंक्यपद किंवा स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ मधील पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक, तो ५० मीटर रायफलीचा प्रकार याच काडतुसाचा आहे. तेव्हा या राज्यातील क्रीडापरंपरेस पुनर्भरणाच्या टेबलाची फारशी गरज भासली नाही, यात नवल नाही.

आता मुख्य मुद्दा. फ्रान्समधील पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये धूरविरहित दारू तयार केली. नायट्रोसेल्युलोजवर आधारलेल्या या दारूचा ज्वलनवेग दाबाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग वाढला की दाब वाढतो, आणि दाब वाढला की पुन्हा वेग. हे चक्र सुरक्षित मर्यादेत राहावे म्हणून दारूचा प्रकार, तिचे वजन, गोळीचे वजन व ती कोशात किती खोल बसली आहे, या सर्वांचा मेळ प्रयोगशाळेत दाब मोजून ठरविलेला असतो. येथे माप निरुपयोगी ठरते आणि तराजू अपरिहार्य होतो. या कामाचे वजन ग्रेनमध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सराफाच्या भाषेत जवळजवळ अर्धी गुंज. आणि तराजू त्याचाही दहावा भाग दाखविणारा असावा लागतो, म्हणजे गुंजेचा साधारण विसावा हिस्सा. साहित्य निवडताना दाबयंत्र साधे घेतले तरी चालेल, तराजूत काटकसर चालणार नाही, आणि ताडून पाहण्याची प्रमाणित वजने त्याजबरोबर हवीतच.

दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा. धूरविरहित दारू थोडी पुरते. पिस्तुलाच्या कित्येक कोशांत निम्म्याहून अधिक जागा रिकामी राहते. अशा कोशात चुकून दोनदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही व गोळी नेहमीसारखी बसते. म्हणून नवख्याने एका वेळी एकच क्रिया करणारे दाबयंत्र घ्यावे, एका दांडक्यासरशी चार-पाच क्रिया उरकणारे घेऊ नये, असा अनुभवी लोकांचा आग्रह असतो. सावकाश यंत्रावर सर्व कोश एका फळीत उभे करून प्रत्येकात उजेड पाडून पाहता येते. टेबल जड व भिंतीस जखडलेले असावे, त्यावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा, काम संपताच उरलेली दारू मूळ डब्यात परत जावी, टोप्या निराळ्या ठेवाव्या, आणि त्या खोलीत चूल, दिवा, विडी यांपैकी काहीही नसावे.

ठासणीच्या सवयीची घातकता आता ध्यानात येईल. काडतूस फोडून त्यातील दारू ठासणीच्या बंदुकीत मापाने घातली, तर काळ्या दारूच्या मंद दाबासाठी घडविलेली नळी फुटते. माप तेच, हात तोच, शिंगही तेच. बदलला तो केवळ पदार्थ.

साठवणीच्या बाबतीत मात्र जुने शहाणपण नव्याशी जुळते. १७१६ च्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरील दारूखान्याविषयी जे नियम घालून दिले आहेत, ते आजही विचारात घेण्याजोगे आहेत. दारूखाना राहत्या घराजवळ, घराच्या वाऱ्याखाली नसावा. सदरेपासून दूर असावा. भोवती झाडांचे दाट कुंपण असावे. खाली गच्च केलेले तळघर, त्यात माच व माचावर दारूची भांडी असावीत. आठ-पंधरा दिवसांनी सारे बाहेर काढून ऊन दाखवावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे. परवानगीवाचून कोणास आसपास फिरकू देऊ नये. वाऱ्याचा उल्लेख विशेष मार्मिक आहे, कारण चुलीची ठिणगी वाऱ्याच्या दिशेने जाते. महाड तालुक्यातील रायगडावर दारूची कोठारे म्हणून जी बांधकामे दाखवितात तीही राजवाडा व बाजारपेठ यांपासून अलग, भवानी टोकाच्या बाजूस आहेत. उन्हाचा नियम तेवढा काळ्या दारूपुरताच घ्यावयाचा. धूरविरहित दारू उष्णतेने हळूहळू विघटित होते; तिला ऊन दाखविणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे. तिला थंड, कोरडी जागा व तिचा मूळचा डबा हवा.

पितळाचीही एक कथा येथे नोंदविण्यासारखी आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात साठवणीतच तडकत. घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेल्या कोशांत हा प्रकार आढळे. घडविताना पितळात राहून गेलेला ताण, हवेतील ओल आणि पागेतील अमोनिया या तिहींच्या संयोगाने तडा जातो, याचे विवेचन मूर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये केले. माफक उष्णता देऊन ताण घालविणे हा त्यावरील उपाय. ज्या घरांत गोठा राहत्या जागेला लागून असतो, त्यांच्या बाबतीत ही केवळ इतिहासजमा गोष्ट नव्हे. शिवाय महाडच्या सखल पेठेत सावित्री व गांधारी यांचे पाणी शिरते. जुलै २०२१ च्या पुरात ते किती चढले याची आठवण ताजी आहे. तळघराची जुनी सूचना गडासाठी होती, नदीकाठासाठी नव्हे.

राहिला कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून शस्त्र वा दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे, आणि रिकाम्या कोशातून नवे काडतूस सिद्ध करणे ही निर्मितीच होय. २०१९ च्या दुरुस्तीने या अपराधाची शिक्षा सात वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत वाढविली आहे. म्हणजे परदेशी पुस्तकांत वर्णिलेले घरगुती टेबल येथे हौसेपोटी मांडता येत नाही; खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, आणि परवानाधारकाने तयार काडतूस परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावयाचे आहे. त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात मात्र पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. बार स्वहस्ते भरण्याची जी पद्धत डोंगरपट्टीत पूर्वापार चालत आली, तिला परवान्याच्या चौकटीत जागा उरली ती या तरतुदीमुळे. तथापि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार रानडुकराच्या बाबतीतही वनखात्याची परवानगी निराळी घ्यावी लागते.