विश्लेषण : महायुद्धातील घड्याळ आजही किरणोत्सारी? जुन्या लष्करी वस्तू जमवताना काय काळजी घ्यावी?

मुंबईचा चोर बाजार असो वा पुण्याचा जुना बाजार, पितळी होकायंत्र, खाकी पाऊच आणि जुनी मनगटी घड्याळे मांडलेल्या पथारीभोवती दोन-चार जण हमखास रेंगाळलेले दिसतात. दुसऱ्या महायुद्धातील ‘फील्ड गिअर’, म्हणजे सैनिक मोहिमेवर अंगावर बाळगत असे ते साहित्य, जमवण्याचा छंद जगभर आहे आणि ऑनलाइन लिलावांमुळे तो मोबाइलवर आला आहे. वस्तू खरी की नकली, हा संग्राहकाचा पहिला प्रश्न. ती खरी निघाली, तर मात्र एक दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तो फारसा कोणी विचारत नाही. ती घरात ठेवणे कितपत सुरक्षित आहे?

खरी वस्तू कशी ओळखतात?

ब्रिटिश सरकारी मालावर ‘ब्रॉड ॲरो’ म्हणजे तीन रेघांचा बाण ठोकलेला असे. कॅनडाच्या मालावर हा बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आत दिसतो. कापडी पट्टे आणि पाऊचवर बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का व वर्ष असते. घड्याळांत सर्वाधिक मागणी ‘डर्टी डझन’ची. ब्रिटिश लष्करासाठी ओमेगा, लाँजिन, सायमा, ग्राना अशा १२ स्विस कंपन्यांनी एकाच नमुन्यावर बनवलेली ही घड्याळे १९४५ मध्ये दाखल झाली. बाराही जमवणे हे अनेक संग्राहकांचे स्वप्न असते आणि बहुतेकांचे घोडे ग्रानापाशी अडते, कारण ती सर्वात कमी बनली.

त्या युद्धात भारतीय सैन्यातून सुमारे २५ लाख जण लढले. मराठा पलटणी उत्तर आफ्रिका आणि इटलीत होत्या. त्यामुळे अशा वस्तू फक्त बाजारातच नव्हे, तर सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत पणजोबांच्या ट्रंकेतही निघू शकतात.

घड्याळात रेडियम कशाला?

रात्री दिवा न लावता वेळ आणि दिशा कळावी म्हणून. रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचे मिश्रण काट्यांना व आकड्यांना लावले जाई. रेडियममधून बाहेर पडणारे कण झिंक सल्फाइडवर आदळत आणि ते सतत चमकत राही. (आपल्याकडे गाडीच्या नंबरप्लेटवर जे ‘रेडियम’ मारून मिळते, त्यात रेडियम नसते, नाव तेवढे उरले आहे.)

हे घातक आहे हे युद्धाआधीच कळले होते. अमेरिकेत १९१७ नंतर डायल रंगवणाऱ्या तरुणी ब्रशचे टोक ओठांत धरून बारीक करत. पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमसारखे हाडांत जाऊन बसले, जबडे सडले, अनेकींचा जीव गेला. ‘रेडियम गर्ल्स’ म्हणून त्यांचे खटले गाजले. तरीही युद्धात त्याला सोयीचा पर्याय नव्हता, म्हणून घड्याळे, होकायंत्रे, विमानांतील तबकड्या असे सगळे रेडियमनेच रंगले. पुढे ट्रिटियम आले. डायलवर वर्तुळातील ‘टी’ दिसला, तर तो बहुधा हा नंतरचा, सौम्य प्रकार.

आता चमकत नाही, म्हणजे रेडियम संपले?

नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. म्हणजे ८० वर्षांत ते जेमतेम साडेतीन टक्के घटते. संपते ते झिंक सल्फाइड. सतत मार खाऊन त्याचे स्फटिक निकामी होतात आणि चमक जाते. अंधारात काळेठिक्कर दिसणारे घड्याळही जवळपास पूर्वीइतकेच किरणोत्सारी असते. आकड्यांचा रंग भाजल्यासारखा तपकिरी झालेला असणे, किंवा घड्याळ वर्षानुवर्षे बंद असेल तर काट्यांखाली डायलवर डाग उमटलेला असणे, ही त्याची खूण.

मग लगेच घाबरायचे का? बंद काचेतील एकच घड्याळ कपाटात असेल तर धोका कमी. अल्फा कण काच ओलांडू शकत नाहीत; काही प्रमाणात गॅमा किरण तेवढे बाहेर येतात. म्हणून ते रोज मनगटावर किंवा उशाशी नको. खरा धोका झाकण उघडल्यावर सुरू होतो. जुना रंग भुकटीसारखा सुटतो आणि ही धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते. ‘जरा साफ करून द्या’ म्हणून कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे दिलेले घड्याळ तो उघडतो, फुंकर मारतो. धोका मालकापेक्षा त्याला जास्त, आणि त्याला कोणी सांगितलेलेही नसते.

दुसरी बाब रेडॉनची. रेडियममधून हा वायू तयार होतो आणि जुन्या काचेच्या फटींतून झिरपतो. नॉर्थम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३० लष्करी घड्याळांचा संग्रह तपासला, तेव्हा रेडॉनचे प्रमाण ब्रिटनच्या शिफारस केलेल्या पातळीच्या १३४ पट निघाले. म्हणजे एक घड्याळ आणि बंद खोलीतला मोठा संग्रह, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गॅस मास्क घालून फोटो काढावा का?

अजिबात नको. ब्रिटनमधील युद्धकालीन अनेक मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, सैनिकांच्या मास्कमध्ये तर अधिक घातक निळे ॲस्बेस्टॉस. शाळांत इतिहासाच्या तासाला मुलांना हे मास्क घालू देऊ नयेत, असा इशारा तिथल्या यंत्रणेने दिला आहे.

काडतूस, हातगोळा यांना तर हातच लावू नये. इम्फाळ-कोहिमा परिसरात युद्धातील बॉम्ब अजूनही जमिनीतून निघतात. असे काही दिसल्यास पोलिसांना कळवावे. विनापरवाना जिवंत काडतूस जवळ बाळगणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हाही आहे.

घरात रेडियमची वस्तू सापडली तर?

ती उघडू नये, खरवडू नये, नवा चमकता रंग लावून घेऊ नये. त्यात संग्राहकांच्या बाजारातही तोटाच आहे, कारण मूळ डायललाच किंमत मिळते. काच फुटली असेल तर वस्तू झिपलॉक पिशवीत घालून हात धुवावेत. संग्रह हवेशीर जागी, झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवावा. खात्री करायची असेल तर गायगर काउंटरने तपासता येते.

आणि ती भंगारात देऊ नये. स्कॉटलंडमधील डाल्गेटी बे येथे युद्धानंतर विमानांच्या तबकड्या जाळून राख भरावात टाकली गेली. १९९० मध्ये तिथल्या किनाऱ्यावर किरणोत्सारी कण सापडले. सफाई पूर्ण व्हायला २०२३ उजाडले. भारतात किरणोत्सारी पदार्थांचे नियमन अणुऊर्जा नियामक परिषद करते आणि तिचे कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. ट्रंक रिकामी करताना अशी वस्तू हाती लागली आणि ठेवायची नसेल, तर आधी तिथे विचारावे.