विमानतळाच्या पलीकडची मुंबई : दोन दिवसांचा बेत



डिसेंबरच्या तिकिटांचे भाव बघायला सुरुवात झाली की आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तोच विषय निघतो: यंदा किती आठवडे, कोणाकडे किती दिवस. त्यात मुंबई असते ती फक्त विमानतळ म्हणून. रात्री उतरायचं, बॅगा गाडीत कोंबायच्या आणि उजाडायच्या आत पुणे, नाशिक नाहीतर कोल्हापूरचा रस्ता धरायचा. इथे अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना न्यूयॉर्क, शिकागो पाठ असतं आणि आपल्या राज्याची राजधानी म्हणजे इमिग्रेशनची रांग. खरं सांगायचं तर आपल्यातल्या घाटावरच्या बऱ्याच जणांनीही व्हिसाच्या मुलाखतीपलीकडे मुंबई फारशी पाहिलेली नसते.

दोन दिवस काढले तर हे बदलता येतं. पण ते दोन दिवस आजी-आजोबांच्या वाट्यातून जातात, आणि तिकडे कॅलेंडरवर एकेक दिवस मोजणं चाललेलं असतं. म्हणून माझा आग्रह असा की हे दोन दिवस त्यांच्याकडून घेऊ नका, त्यांनाच मुंबईला बोलवा. ते कसं, ते पुढे सांगतो.

आधी शहराचा नकाशा. मुंबई दक्षिणोत्तर लांबट आणि अरुंद आहे. सकाळी गर्दी दक्षिणेकडे वाहते, संध्याकाळी उत्तरेकडे. लोक विमानतळाजवळचं हॉटेल घेतात आणि मग दोन्ही वेळेला गर्दीबरोबर प्रवास करतात. त्याऐवजी राहायलाच फोर्ट, चर्चगेट किंवा कुलाब्याला जा. अमेरिकेहून येणारी बरीच विमानं रात्री उतरतात, तेव्हा रस्ता बराच मोकळा असतो. दिवसा उतरलात आणि सामान कमी असलं तर भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा पूर्ण मार्ग चालू झाला असून सहारच्या विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, दादर, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही सगळी स्टेशनं त्यावर आहेत. आणखी एक, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तेव्हा न्यायला येणाऱ्यांना कुठला विमानतळ ते नीट कळवा.

पहिल्या दिवशी जेटलॅग आपल्या बाजूने असतो. मुलं पहाटे चारला टक्क जागी होणारच. त्यांना हॉटेलच्या खोलीत दामटून झोपवू नका, बाहेर काढा. कुलाब्याचा ससून डॉक (१८७५) त्या वेळी सर्वांत जागा असतो: बोटी लागलेल्या, कोळणींची लगबग, बर्फाच्या लाद्या, मासळीचे ढीग. जुने बूट घाला, वाटेत उभे राहू नका, फोटो विचारून काढा. वास येतो, पण आपण सुपरमार्केटमधून आणतो त्या माशाचा खरा पत्ता मुलांना एकदा कळू द्या.

तिथून गेटवे ऑफ इंडिया. उजाडताना तिथे फारशी गर्दी नसते. राजा पंचम जॉर्ज १९११ साली आला त्याची ही आठवण, पण बांधून पूर्ण झाली १९२४ मध्ये. आणि जेमतेम चोवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून निघून गेली.

नऊच्या सुमारास इथूनच घारापुरीच्या बोटी सुटू लागतात. तासाभराचा प्रवास, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. सोमवारी लेणी बंद. सहाव्या शतकाच्या सुमारास डोंगर कोरून काढलेली सुमारे वीस फुटी सदाशिवाची मूर्ती अंधारातून हळूहळू दिसू लागते, तेव्हा डोळे सरावेपर्यंत मुलांना तिथेच उभं करा. खाऊ हातात ठेवू नका, माकडं हिसकावतात. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून अनेकांचे प्राण गेले. लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलांच्या मापाचं आहे का तेही बघा, आणि बोट खच्चून भरलेली दिसली तर पुढच्या बोटीची वाट पाहा. लेण्यांच्या तिकिटासाठी ओसीआय कार्ड खिशात ठेवा. भारतीयांचा दर लागतो, तो परदेशी दरापेक्षा कितीतरी कमी असतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

दुपारी झोपा. खरंच झोपा, त्या दिवशी आणखी काही कोंबू नका. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून भाजलेले शेंगदाणे खाल्ले की पहिला दिवस झाला.

दुसरा दिवस चालण्याचा. गेटवेपासून सीएसएमटीपर्यंत अंतर अडीच किलोमीटरच्या आत आहे. रविवार असेल तर उत्तम, कचेऱ्यांचा हा भाग सकाळी अगदी शांत असतो. वाटेत ओव्हल मैदानाच्या मध्यभागी उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं १८७० च्या दशकातलं, गॉथिक शैलीचं. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. पूर्वेकडच्या इमारती बांधल्या तेव्हा पश्चिमेच्या या इमारतींची रांग नव्हतीच, समोर समुद्र होता. मैदानाच्या दोन बाजूंमध्ये साठ वर्षांची भरणी आहे. युनेस्कोने २०१८ मध्ये या दोन्ही रांगांना एकत्र जागतिक वारसा म्हटलं ते यासाठी.

आता मुलांना विचारा, एवढा पैसा आला कुठून? उत्तर त्यांच्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, दक्षिणेकडच्या कापसाच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तो मुंबईहून जाऊ लागला. शहरात पैशाचा पूर आला, बँका आणि कंपन्या रोज निघू लागल्या, समुद्रात भरणी घालायच्या कंपनीच्या शेअरचे भाव गगनाला भिडले. जुन्या किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या त्याही याच दशकात, नाव तेवढं फोर्ट राहिलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. (आपल्या व्यवसायात २००० सालचा डॉटकॉमचा फुगा ज्यांनी पाहिला, त्यांना जास्त समजावायला नको.) त्या तेजीचा बादशहा प्रेमचंद रायचंद यात बुडाला, पण त्याने दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये उभा राहिला. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाला मुंबई आपली वाटायला याहून सोपा धागा मला सापडलेला नाही.

पुढे हुतात्मा चौक. मधलं फ्लोरा फाउंटन १८६४ चं, रोमन देवतेचं. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली तेव्हा १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. आपण दरवर्षी मंडळात महाराष्ट्र दिन साजरा करतो, त्याचं मूळ या चौकात आहे. इथे दहा मिनिटं द्या.

साडेदहाला सीएसएमटीवर पोहोचा, कारण आता आजी-आजोबा येणार आहेत. सकाळी सव्वासातच्या सुमारास पुण्याहून निघणारी डेक्कन क्वीन (१९३० पासून धावते आहे) त्याच वेळी येते. नातवंडांनी आजीला त्या स्टेशनात भेटणं आणि बंगल्याच्या दारात भेटणं यात फरक आहे. स्टेशनची इमारत फ्रेडरिक स्टीव्हन्सची, २००४ पासून जागतिक वारसा. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे आजोबाच सांगतील, तुम्ही मध्ये बोलू नका. मग टॅक्सीने वस्तुसंग्रहालय, निवांत जेवण, आणि पाचच्या सुमारास त्याच डेक्कन क्वीनने सगळे पुण्याला. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, ते तिथल्या कोणाकडून तरी लगेच करून घ्या. चौघांच्या आठ मोठ्या बॅगा मात्र ट्रेनमध्ये नेण्याचा विचारही नको. बाबा आणि बॅगा गाडीने, बाकी सगळे ट्रेनने.

शाळेच्या सुट्टीमुळे जून ते ऑगस्टमध्येच जाणं होणार असेल तर घारापुरी धरून चालू नका, पावसात बोटी बऱ्याचदा बंद असतात. तो अर्धा दिवस संग्रहालयाला द्या.

आणि तिसरा दिवस मिळालाच तर दादर. सकाळी अकरानंतर चर्चगेटहून लोकलने निघा, म्हणजे उलट दिशेमुळे बसायलाही मिळेल आणि मुलांना लोकलही कळेल. शिवाजी पार्कला चक्कर, साबुदाणा वडा आणि पियूष, आणि शनिवार-रविवार असेल तर शिवाजी मंदिरात नाटक. जाहिरात बघून आदल्या दिवशीच तिकिटं काढा.